रबराचा हीटर आणि एक मिलिमीटर हवा

रबर उष्णतेचा दुर्वाहक, मग त्याचा हीटर कसा काय चालतो? सिलिकॉन रबराची लवचीक हीटर-पट्टी पहिल्यांदा पाहणारा बहुतेक वेळा हेच विचारतो. शंका शाळेतल्या धड्याला धरूनच आहे. तिच्यात जाडीचा विचार तेवढा राहून जातो.

थंडीत 200 लिटरच्या पिंपातला मध साखरतो. (साखरलेला मध म्हणजे भेसळीचा, हा समज सोडून द्या. मधातल्या ग्लुकोजचे स्फटिक बनणे अगदी नैसर्गिक आहे.) तो पातळ करायला पिंपाभोवती साधारण 1000 वॅटची पट्टी आवळतात. पट्टीत निक्रोमची (निकेल-क्रोमियम मिश्रधातूची) तार असते किंवा धातूच्या पातळ पत्र्यातून कोरून काढलेली नागमोडी वाट. तिच्या दोन्ही अंगांना काचतंतूंच्या कापडाने बळकट केलेले सिलिकॉन रबर असते. सगळी जाडी मिळून जेमतेम दीड मिलिमीटर.

आता हिशेब करू, कारण खरी गंमत त्यातच आहे. पिंपाचा घेर सुमारे 1.8 मीटर आणि पट्टीची रुंदी साडेबारा सेंटिमीटर धरली, तर दर चौरस सेंटिमीटरला 0.44 वॅट, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 4400 वॅट उष्णता बाहेर पडते. ही सगळी पिंपाकडेच जाते असे समजू. सिलिकॉन रबराची उष्णतावाहकता साधारण 0.25 वॅट प्रति मीटर प्रति अंश. तारेपासून पिंपापर्यंत रबर पाऊण मिलिमीटर. 4400 ला 0.00075 ने गुणा आणि 0.25 ने भागा: फरक येतो 13 अंश. तार पिंपाच्या पत्र्यापेक्षा तेवढीच जास्त गरम, म्हणजे रबराचा अडसर अगदी किरकोळ.

पण पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये फक्त 1 मिलिमीटर हवा शिरली तर? हवेची वाहकता 0.026. त्याच सूत्राने फरक निघतो जवळपास 170 अंश! थोडी उष्णता प्रारणानेही जाते, म्हणून प्रत्यक्षात आकडा काहीसा खाली येतो. तरी पट्टीचा तो भाग भाजून निघायला तेवढा पुरतो. पिंप गोल असते, त्याला पोचे पडलेले असतात. ताठ पट्टी त्याला जागोजागीच टेकेल. लवचीक पट्टी पोच्यांवरही बऱ्यापैकी बसते आणि हवेला जागा उरत नाही. वाकणाऱ्या हीटरचे सगळे महत्त्व मला यातच दिसते.

सिलिकॉन रबर सुमारे 200 अंशांपर्यंत टिकते, साधे रबर त्याच्या कितीतरी आधी कडक होऊन तडकते. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा मजबूत असतो, हे त्यामागचे एक मोठे कारण. मधाला मात्र 40-45 अंश पुरे. फार तापवला तर त्यात एचएमएफ नावाचे संयुग वाढते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात त्याची मर्यादा किलोला 40 मिलिग्रॅम आहे, उष्ण प्रदेशांतल्या मधासाठी 80. म्हणून थर्मोस्टॅट हवाच.

अशाच तापणाऱ्या पट्ट्या ‘फार इन्फ्रारेड किरणांनी शरीरातली विषद्रव्ये बाहेर काढणारे’ पट्टे म्हणून कंबरेला बांधायलाही विकल्या जातात. इन्फ्रारेड म्हणजेच अवरक्त किरण प्रत्येक उबदार वस्तूतून निघतात, तुमच्या तळहातातूनही. शेकाने आखडलेल्या स्नायूंना आराम पडतो, पण विषद्रव्यांचा दावा निराधार आहे.

पट्टी बांधताना तिचे एक टोक दुसऱ्यावर चढवू नका. तिथे दोन थरांची उष्णता एकाच जागेत साठते, वरच्या थरातल्या उष्णतेची खालच्या थरातून पत्र्यापर्यंत पोचायची वाट तिप्पट लांब होते आणि पट्टी बहुधा तिथेच जळते.