निरोप दिला, पण पोचला का?

कोल्हापुरातून कुणी ११२ ला फोन लावून ‘स्टँडवर बेवारस बॅग पडलीय’ असं सांगितलं, तर पलीकडून पहिला प्रश्न येणार: कुठल्या स्टँडवर? इथल्या माणसाला स्टँड म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, हे फोड करून सांगावं लागत नाही. पण ११२ चा फोन उचलला जातो नवी मुंबईत किंवा नागपुरात. तिथे बसलेल्याला कोल्हापुरात मध्यवर्ती, रंकाळा आणि संभाजीनगर अशी तीन स्टँडं दिसतात. त्याने विचारून खात्री करायची, मग कॉल कोल्हापूरच्या नियंत्रण कक्षाकडे द्यायचा आणि त्या कक्षाने जवळच्या गाडीला धाडायचं. बॅगेजवळ पहिला पोलीस पोचेपर्यंत निरोपाने दोन-तीन हात बदललेले असतात. दहशतवादविरोधी यंत्रणा म्हटलं की डोळ्यांपुढे काळ्या वेशातले कमांडो येतात. पण काम बिघडतं ते बहुतेकदा या हातबदलात.

बॅग नेमकी कुणाची जबाबदारी, हेही सरळ नसतं. स्टँडची जागा एसटी महामंडळाची, हद्द शाहूपुरी पोलीस ठाण्याची, पण बॅगेला हात लावायचा तो बॉम्बशोधक व नाशक पथकानेच. हीच बॅग जरा पलीकडे रेल्वेच्या फलाटावर सापडली तर कागद बदलतात: रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं, लोहमार्ग पोलीस राज्याचे, आणि गुन्हा नोंदवायचा तो लोहमार्ग पोलिसांनी. स्थानकाच्या पायऱ्या उतरून रिक्षा थांब्यावर आलात की पुन्हा शहर पोलीस. बॅग ठेवणाऱ्याला या रेघा माहीत असायची गरज नसते. शोधणाऱ्याला मात्र त्या पाठ असाव्या लागतात.

पहिल्या माणसाने करायचं काम थोडकं आहे. बॅग हलवायची नाही, उघडायची नाही, तिच्याजवळ मोबाइल किंवा वायरलेस वापरायचा नाही, आणि माणसं लांब न्यायची. लांब म्हणजे किती? सुटकेसएवढ्या, म्हणजे साधारण २३ किलो स्फोटकासाठी अमेरिकी सुरक्षा यंत्रणांचा ठोकताळा असा: किमान ४६ मीटर, आणि उघड्यावर असाल तर सुमारे ५६० मीटर. दोन आकड्यांत एवढी तफावत का? स्फोटाच्या लाटेचा दाब अंतराबरोबर झपाट्याने उतरतो, पण काचा आणि पत्रे खूप लांब उडतात. आणखी एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्फोटक आठपट झालं, तर तेवढ्याच दाबाचं अंतर दुप्पटच होतं, कारण ते घनमुळाच्या हिशेबाने वाढतं. म्हणून जिथे मोठ्या गाडीचा धोका असतो तिथेही काही मीटर लांब बसवलेले अडथळे बरंच काम करून जातात.

पण मध्यवर्ती स्टँडभोवती ५६० मीटरचं वर्तुळ काढून बघा. त्यात लॉज, दुकानं, रिक्षा थांबे, सगळं आलं. ते रिकामं करायचं तर वाहतूक शाखा, एसटीचे अधिकारी, अग्निशमन दल आणि महावितरण यांना एकाच वेळी एकच गोष्ट कळायला हवी. शिवाय लोकांना हलवून जिथे उभं करायचं, ती जागा आधी तपासलेली हवी. दुसरी वस्तू नेमकी तिथेच ठेवलेली असू शकते.

सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयाला, कळवायचं ते स्फोट होण्याची वाट न बघता. जगभरच्या अनुभवात एक विचित्र गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: किरकोळ जखमी आधी पोचतात. ते रिक्षाने, दुचाकीवर, चालत सगळ्यांत जवळचं रुग्णालय गाठतात. अत्यवस्थ माणसं १०८ च्या गाडीतून नंतर येतात, तोवर अपघात विभाग भरलेला असतो. आधी निरोप गेला असेल तर दारातच वर्गवारी करायला डॉक्टर उभा राहतो.

निरोप पोचूनही वाया कसा जातो, याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण नॉर्वेचं आहे. २२ जुलै २०११ रोजी दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी ऑस्लोत सरकारी कार्यालयांसमोर गाडीबॉम्ब फुटला. आठ जण गेले. दहाएक मिनिटांत एका नागरिकाने पोलिसांना फोन केला: पोलिसी वेशातला एक माणूस हातात पिस्तूल घेऊन एका गाडीत बसून गेला, आणि हा त्या गाडीचा नंबर. याहून नेमकी खबर मिळणं कठीण. ती एका चिठ्ठीवर लिहून घेतली गेली आणि ती चिठ्ठी टेबलावर सुमारे २० मिनिटं तशीच पडून राहिली. तो माणूस त्याच गाडीने उटोया बेटाच्या दिशेने गेला आणि तिथे त्याने ६९ जणांना मारलं. मारेकरी त्याच देशातला आणि एकटा होता, म्हणजे गुप्तचरांना सर्वांत अवघड जाणारा प्रकार. तरी चौकशी आयोगाचा मुख्य ठपका गुप्तचरांवर नव्हता. साधनं होती, पण ती एकमेकांपर्यंत पोचलीच नाहीत, असा तो होता.

ब्रिटनमधल्या मँचेस्टरमध्ये २२ मे २०१७ रोजी संगीत कार्यक्रमाच्या सभागृहात झालेल्या स्फोटानंतर अग्निशमन दल घटनास्थळी यायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. पोलिसांच्या नियंत्रण कक्षातल्या एका अधिकाऱ्यावर इतकी कामं येऊन पडली, की हल्लेखोर अजून आत असू शकतो हा त्याने धरलेला अंदाज इतर दलांना सांगितलाच गेला नाही. माणूस कामचुकार नव्हता. पाच जणांचं काम एकाच्या गळ्यात बांधलेलं होतं.

आता आधी मिळणाऱ्या खबरीकडे. ‘आधी माहिती होती, तरी का थांबवलं नाही?’ हा प्रश्न प्रत्येक हल्ल्यानंतर विचारला जातो. त्याचं अर्धं उत्तर साध्या अंकगणितात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार. समजा, त्यात दहा माणसं खरोखर धोकादायक आहेत, आणि आपल्याकडे ९९ टक्के अचूक चाळणी आहे. ती दहाच्या दहा जण पकडेल असं धरू. पण उरलेल्या निरपराध लोकांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे ३८,७६० जणांवरही तीच चाळणी बोट ठेवील. दहा खरे, पावणेएकोणचाळीस हजारांच्या आसपास खोटे. एका माणसावर चोवीस तास नजर ठेवायची तर तीन पाळ्या, प्रत्येक पाळीत चार जण असे किमान बारा पोलीस लागतात. करा गुणाकार.

अंबाबाईच्या देवळात नवरात्रात मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून माणसं आत जाताना हेच होतं. किल्ल्या, बांगड्या, चांदीचा करदोडा, प्रत्येकाला ती चौकट वाजते. तासाभराने माणसाच्या कानाला ते वाजणंच ऐकू येईनासं होतं. ‘सतर्क राहावे’ एवढंच सांगणाऱ्या पत्रांचंही असंच आहे. ठिकाण नाही, वेळ नाही, काय शोधायचं ते नाही. पोलीस ठाण्यात ती नस्तीला लागतात, आणि पुढे चौकशीत ‘आम्ही कळवलं होतं’ म्हणायला उपयोगी पडतात.

गणितातून सुटायचा मार्गही गणितातच आहे. पहिलीशी संबंध नसलेली दुसरी चाळणी लावली तर ३८,७६० चे ३८८ होतात, तिसरी लावली तर चार. वेगवेगळ्या खात्यांनी माहिती एकत्र आणायची ती यासाठी. अट एवढीच, की चाळण्या खरोखर स्वतंत्र हव्यात. एकच खबऱ्या ठाण्यातल्या गोपनीय हवालदाराला, जिल्हा विशेष शाखेला आणि राज्य गुप्तवार्ता विभागाला तीच कथा विकत असेल, तर वर तीन अहवाल जातात आणि ‘तीन ठिकाणांहून दुजोरा’ असा शेरा पडतो. तोंड मात्र एकच. म्हणून गुप्तचर कामात खबर देणारा किती भरवशाचा आणि खबर किती खरी वाटते, या दोन्हींना वेगळे गुण द्यायची जुनी पद्धत आहे: माणसाला ए ते एफ, मजकुराला १ ते ६. भरवशाचा माणूसही ऐकीव सांगू शकतो, हे ती पद्धत मान्य करते.

दिल्लीत ही जुळणी करायला गुप्तवार्ता विभागात (आयबीत) २००१ मध्ये मल्टी एजन्सी सेंटर सुरू झालं, कारगिलनंतरच्या सुधारणांचा भाग म्हणून. राज्यांत त्याच्या उपशाखा आहेत. तरीही २००८ मध्ये मुंबईत १६६ जणांचा बळी गेला. त्यानंतर केंद्राशी माहितीची देवाणघेवाण बंधनकारक झाली, राष्ट्रीय तपास यंत्रणेचा (एनआयए) कायदा झाला, आणि मानेसरहून कमांडो यायला लागलेला वेळ पाहून राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाची केंद्रं मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकात्यात उघडली. राज्याने फोर्स वन हे आपलं कमांडो दल उभं केलं. २०१२ मध्ये सगळ्यांवर एक राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र आणायचा बेत मात्र राज्यांनी हाणून पाडला. पोलीस हा घटनेनुसार राज्यांचा विषय, आणि त्या केंद्राला थेट अटकेचे अधिकार मिळणार होते. राज्यांचा आक्षेप पोकळ नव्हता, असं आमचं मत. पण मग सहकार्य मर्जीवर राहतं.

कायद्यातली साखळी तपशिलात बघण्यासारखी आहे. दहशतवादी कृत्याचा गुन्हा बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याखाली (यूएपीए) नोंदवायचा की भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ खाली, हे ठरवायचं किमान पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने. एनआयएच्या कक्षेतला गुन्हा असेल तर ठाणे अंमलदाराने अहवाल राज्य सरकारला पाठवायचा, राज्याने केंद्राला, आणि तपास एनआयएकडे द्यायचा का याचा निर्णय केंद्राने १५ दिवसांत घ्यायचा. एनआयए हाती घेईपर्यंत तपास चालू ठेवायची जबाबदारी ठाण्याचीच असते. घोटाळा होतो तो याच दिवसांत. ‘वरचे येणारच आहेत’ म्हणून पंचनामा उरकला जातो, सीसीटीव्हीचं चित्रण काढून ठेवायचं राहून जातं आणि साठवण भरली की यंत्र जुन्यावर नवं लिहून मोकळं होतं.

कोल्हापूरला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून येताना कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला पानसरे गेले. त्याआधी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकर, नंतर ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडात कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गी, ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळूरमध्ये पत्रकार गौरी लंकेश. या हत्यांना कायद्याने कोणतं नाव द्यायचं, हा कोर्टाचा विषय. समन्वयाच्या अंगाने बघितलं तर चार हत्या, दोन राज्यं, आणि तपास सीबीआय, महाराष्ट्राचं विशेष पथक आणि कर्नाटकातली पथकं यांच्यात वाटलेला.

इथे दुवा जोडणारी गोष्ट होती तांब्या-पितळेची. पिस्तूल झाडलं की पुंगळीच्या बुडावर घोड्याच्या टोकाचा खड्डा उमटतो आणि गोळीवर नळीच्या आतले ओरखडे. दोन पुंगळ्या तुलनेच्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवल्या की हत्यार एकच का, हे बरंचसं सांगता येतं. पण त्यासाठी त्या शेजारी याव्या लागतात. त्या वेगवेगळ्या राज्यांत मुद्देमाल म्हणून सीलबंद, प्रत्येकीवर वेगळ्या कोर्टाचा ताबा. मधल्या काळात सीबीआयने आणखी एक मत स्कॉटलंड यार्डकडून घ्यायचं ठरवलं, तिथून नकार आला, आणि नमुने अहमदाबादला गेले. कलबुर्गी आणि लंकेश यांच्यावर एकच ७.६५ मिमीचं गावठी पिस्तूल वापरल्याचं कर्नाटकच्या प्रयोगशाळेने सांगितलं, तेव्हा २०१८ उजाडलं होतं. त्याच वर्षी कर्नाटकच्या पथकाच्या तपासातून मिळालेले धागे महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाला (एटीएस) आणि पुढे सीबीआयला उपयोगी पडले. कलबुर्गींचा तपास लंकेश यांच्या हत्येचा तपास करणाऱ्या पथकाकडे गेला तो २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने; पानसरेंचा एटीएसकडे गेला ऑगस्ट २०२२ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने. खात्यांनी आपणहून एकत्र बसण्याऐवजी कोर्टाला बसवावं लागलं.

कागलच्या पुढे हायवेवर राज्य बदलतं. निपाणीकडे निघालेल्या संशयित गाडीचा नंबर कोल्हापूर नियंत्रण कक्षातून बेळगावला कळवायचा, तर पत्राची वाट पाहून चालत नाही. नाव, थेट नंबर आणि रात्री फोन उचलणारा माणूस ठाऊक हवा. बदल्यांच्या मोसमात या याद्याच शिळ्या होतात.

अशा प्रसंगाची तालीम (मॉक ड्रिल) घ्यायची तर हेच तपासायला हवं. पथक किती मिनिटांत आलं, याचे फोटो छापून येतात. मोजायला हवं ते वेगळं: निरोप निघाल्याची वेळ, समोरच्याने तो परत वाचून दाखवल्याची वेळ, आणि त्यावर पहिलं पाऊल उचलल्याची वेळ. तीन रकाने, एक वही. आणि तालीम रविवारी सकाळी नको. रात्री साडेआठला, पुण्या-मुंबईच्या गाड्या भरत असताना, शिफ्ट बदलायच्या दहा मिनिटं आधी.