विद्यापीठाचा सहभागी कारभार (सातारा-सांगली)

प्राचार्य, प्राध्यापक, संस्थाचालक, नोंदणीकृत पदवीधर, कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्या प्रतिनिधींनी सभेत बसून, चर्चा करून, ठराव करून विद्यापीठ चालवायचे, या पद्धतीला सहभागी कारभार म्हणतात. कुलगुरू आणि शासन यांचे अधिकार त्यात असतातच, पण ते या सभांच्या सोबतीने वापरायचे असतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली बहुसंख्य महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहेत. त्यामुळे इथे सहभाग म्हटले की दोन गोष्टी ओघानेच येतात : कोल्हापूरच्या सभेत आपला माणूस असणे, आणि त्या सभेत काय ठरले ते जतपासून पाटणपर्यंत वेळेत पोचणे. पहिल्या गोष्टीची चर्चा निवडणुकीच्या दिवसांत भरपूर होते. दुसरीची फारशी कोणी करत नाही, आणि खरे काम तिथेच अडते.

या भागाने विद्यापीठाची कचेरी दोनदा बदललेली पाहिली. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये सुरू झाले, तेव्हा सगळा व्यवहार मुंबई विद्यापीठाशी असे. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर तो पुण्याशी होऊ लागला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांना जवळचे विद्यापीठ मिळाले. २००४ मध्ये सोलापूरचे विद्यापीठ वेगळे झाले. कचेरी जवळ आली की प्रतिनिधीला सभेला जाणे परवडते, एवढी साधी गोष्ट या इतिहासात आहे. एका सभेसाठी मुंबईला जायचे तर ग्रामीण महाविद्यालयातल्या शिक्षकाचे तीन दिवस मोडत.

सभा, ठराव, सूचक, अनुमोदक हे शब्द इथल्या माणसाला विद्यापीठाने शिकवलेले नाहीत. सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा, विकास सोसायटी, दूध संघ, पतसंस्था यांतून ते घरोघरी पोचले आहेत. शिक्षणातही हीच माती आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्याला आणले. साताऱ्यात धनिणीच्या बागेतल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि वसतिगृहाची कामेही मिळून करत. संस्थेच्या नावातच ‘रयत’ आहे. ज्यांच्यासाठी संस्था, त्यांनीच ती सांभाळायची, हा विचार या जिल्ह्यात कोणत्याही विद्यापीठ कायद्याच्या आधीपासून रुजलेला आहे, आणि तो इथल्या शिक्षणाचा सर्वांत मोठा ठेवा आहे असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते.

सध्याचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे चालतो. तो १ मार्च २०१७ पासून अमलात आला, त्याआधी १९९४ चा आणि त्याहीआधी १९७४ चा कायदा होता. राज्यपाल हे कुलपती. व्यवस्थापन परिषद ही मुख्य कार्यकारी आणि धोरण ठरवणारी सभा. विद्यापरिषद शैक्षणिक बाबी पाहते, अभ्यास मंडळे विषयवार अभ्यासक्रम करतात, परीक्षा व मूल्यमापन मंडळ परीक्षांचे पाहते. अधिसभा, म्हणजे ज्याला सगळे ‘सिनेट’ म्हणतात ती, वर्षातून किमान दोनदा भरते. अर्थसंकल्प आणि वार्षिक अहवाल तिच्यापुढे येतात. कुलसचिव हे या प्रमुख सभांचे सचिव असतात.

अधिसभेत निवडून आलेले दहा प्राचार्य, सहा संस्थाचालक, महाविद्यालयांचे दहा शिक्षक, विद्यापीठाच्या विभागांतले तीन शिक्षक आणि दहा नोंदणीकृत पदवीधर असतात. पदवीधरांच्या दहा जागांपैकी पाच खुल्या आणि पाच राखीव. एक महिला, एक अनुसूचित जाती, एक अनुसूचित जमाती, एक विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि एक इतर मागास वर्ग अशी ती वाटणी आहे. या मतदारसंघाकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण संस्थेचा पगार न घेणारा, संस्थेचा मालक नसलेला माणूस इथूनच आत येतो. खटावचा शेतकरी, विट्याचा वकील, इस्लामपूरचा (आताचे ईश्वरपूर) दुकानदार पदवीधर असेल आणि त्याने नाव नोंदवले असेल, तर तो मत देतो. नाव आपोआप लागत नाही. अर्ज भरावा लागतो, पदवी प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते. एकाच घरात तीन पदवीधर असून एकाचेही नाव मतदार यादीत नाही, असे सर्रास दिसते.

मतदानही नेहमीचे नसते. शिक्का मारायचा नसतो, नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात. पहिल्या पसंतीची मते मोजून कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मते, ठरतो. कोट्यापेक्षा जास्त पडलेली मते पुढच्या पसंतीकडे वळतात, तळाचा उमेदवार बाद झाला की त्याची मतेही वळतात. म्हणून मोजणी रात्र रात्र चालते. ग्रामपंचायतीची सवय असलेला मतदार कधी फुली मारून येतो आणि मत बाद होते. केंद्रावर दोन मिनिटे समजावून सांगणारे कोणी असले की असे होत नाही.

निवडून गेलेल्या प्रतिनिधीच्या हातात पहिली वस्तू पडते ती कार्यपत्रिका. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा तिच्यावरचा पहिला विषय. नवखा सभासद हा विषय उरकून टाकण्यासारखा समजतो. जुना सभासद चष्मा पुसून नेमका तोच वाचतो. मागच्या सभेत जे बोलले गेले ते ‘सविस्तर चर्चेअंती असे ठरले की’ या एका ओळीत मावलेले असते. त्या ओळीत आपला आक्षेप नोंदला गेला आहे का, ‘सर्वानुमते’ लिहिले आहे की ‘बहुमताने’, समिती नेमली म्हटले तर तिला मुदत दिली आहे का, हे तिथेच पाहावे लागते. इतिवृत्त एकदा कायम झाले की पुढे तेच खरे धरले जाते. इतिवृत्तासोबत कार्यवाही अहवाल मागण्याचा आग्रहही धरायला हवा. मागचा ठराव झाला, पुढे त्याचे काय झाले, हे त्या अहवालात कळते. ‘ऐनवेळचे विषय’ हा कार्यपत्रिकेचा शेवटचा भाग. तातडीच्या कामासाठी तो हवाच, पण मोठ्या खर्चाचे विषय तिथे येऊ लागले तर सभासदांना अभ्यासाला वेळच उरत नाही.

तातडीच्या प्रसंगी कुलगुरूंना स्वतःच्या अधिकारात निर्णय घेता येतो. तो नंतर संबंधित सभेपुढे ठेवावा लागतो.

ठरलेली गोष्ट महाविद्यालयात येते ती परिपत्रकाच्या रूपाने. आता ती ई-मेलने येते, संकेतस्थळावर पडते आणि त्याआधीच कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली असते. पूर्वी टपाल यायचे, बारनिशीत, म्हणजे आलेल्या टपालाच्या वहीत, नोंद व्हायची, प्राचार्य कोपऱ्यात ‘सर्व विभाग, माहितीसाठी’ असे लिहून सही करायचे. मग शिपाईमामा नोटीस बुक घेऊन वर्गावर्गात फिरायचे. तास थांबवून सर नोटीस वाचत, मार्जिनमध्ये सही करत, मामा पुढच्या वर्गाकडे जात. अनेक महाविद्यालयांत नोटीस बुक आजही फिरते, आणि ते फिरायला हवे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश कोणी पाहिला आणि कोणी नाही, याचा कागद मागे राहत नाही. नोटीस बुकातल्या सहीचा राहतो. परीक्षा अर्जाची मुदत चुकलेल्या मुलाला दंड भरावा लागतो तेव्हा त्याला सूचना मिळाली होती की नाही, हे त्या सहीवरूनच सांगता येते.

ठरलेले वेळेत पोचवण्यातला ताण राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे स्पष्ट दिसला. राज्यात नवी रचना २०२३-२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ मध्ये संलग्न महाविद्यालयांत आली. मुख्य विषय, गौण विषय, श्रेयांक (क्रेडिट), कौशल्य अभ्यासक्रम, सगळेच नवे. एका परिपत्रकावर दुसरे, त्यावर शुद्धिपत्रक, अशी रांग लागली की प्रवेशाच्या टेबलावर बसलेल्या शिक्षकाला पालकापुढे निश्चित उत्तर देता येत नाही. अशा वेळी परिपत्रकावर ठळक तारीख असणे, कोणते जुने परिपत्रक रद्द झाले ते पहिल्याच ओळीत असणे आणि मजकूर सोप्या मराठीत असणे ही चैन नसून गरज आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ सार्वजनिक संस्थांना आपणहून माहिती जाहीर करायला सांगतोच. सभांची इतिवृत्ते त्याच भावनेने खुली व्हायला हवीत.

महाविद्यालयाच्या पातळीवर हाच कारभार महाविद्यालय विकास समिती करते. १९९४ च्या कायद्यातल्या स्थानिक व्यवस्थापन समितीची जागा तिने घेतली. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव, एक विभागप्रमुख, शिक्षकांनी निवडलेले तीन शिक्षक आणि त्यांत किमान एक महिला, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी, गावातली चार जाणती माणसे आणि त्यांत एक माजी विद्यार्थी, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव असे तिचे सभासद. प्राचार्य सदस्य-सचिव. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. कारकून किंवा प्रयोगशाळा परिचर संस्थेच्या अध्यक्षांसमोर खुर्चीवर बसून ‘पाण्याची टाकी गळते’ असे सांगू शकतो, ही या समितीची खरी कमाई. चारही सभा एकाच महिन्यात कागदावर उरकल्या तर ती कमाई हातची जाते.

विद्यार्थ्यांची बाजू सर्वांत दुबळी आहे. २०१६ च्या कायद्याने विद्यार्थी परिषदेसाठी थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली खरी, पण निवडणुका घेण्याबाबत टाळाटाळच जास्त झाली. निवडून आलेला विद्यार्थी नसेल तर वर लिहिलेल्या समितीतल्या दोन खुर्च्या रिकाम्या राहतात, किंवा गुणवत्ता यादीतल्या मुलाला बोलावून भरल्या जातात. तो मुलगा हुशार असतो, पण त्याला कोणी पाठवलेले नसते.

स्वायत्तता मिळालेल्या महाविद्यालयांची घडण वेगळी. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांची स्वतःची नियामक मंडळे, विद्यापरिषदा आणि अभ्यास मंडळे आहेत. पदवी विद्यापीठाची, अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालयाच्या. साताऱ्यात याच्याही पुढचे पाऊल पडले. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स या रयतच्या तीन महाविद्यालयांचे मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झाले. तिन्ही महाविद्यालये सातारा शहरातच आहेत. सकाळच्या सभेत ठरलेले दुपारच्या तासाला वर्गात सांगता येईल, एवढे ते अंतर. कोल्हापूरच्या ठरावाची वाट पाहणाऱ्या दहिवडी-आटपाडीच्या शिक्षकाला हे सुख अजून नाही. त्याच्याकडे परिपत्रक येते तेव्हा मुदतीचे थोडेच दिवस उरलेले असतात, आणि ते घेऊन तो आधी नोटीस बुक शोधतो.