टूनामी कोकणात पोचलं ते असं

टूनामी म्हणजे कार्टून नेटवर्कवर ठरलेल्या वेळी सलग लागणाऱ्या मारधाडीच्या कार्टूनचा ब्लॉक, त्याचा विषय निघाला की गाडी ड्रॅगन बॉल झीवर येऊन थांबते. गोकू, व्हेजिटा, एपिसोडमागून एपिसोड चाललेली एकच मारामारी, झालं. पण ते अमेरिकेतून निघून देवगड-मालवणच्या वाडीपर्यंत पोचलं कसं हे कोणी सांगत नाही, आणि आमच्या बाजूला तर खरी गोष्ट तीच आहे, कारण आमच्याकडे ते कधीच पूर्ण पोचलं नाही.

सुरुवात टेड टर्नर या अमेरिकेतल्या टीव्हीवाल्या उद्योगपतीपासून करावी लागेल. त्याने 1986 मध्ये एमजीएम ही हॉलिवूडची पिक्चर कंपनी घेतली, कंपनी नंतर परत विकली पण जुन्या पिक्चरांचा आणि कार्टूनचा साठा स्वतःकडे ठेवला, पुढे 1991 मध्ये हॅना-बार्बेरा ही कार्टून बनवणारी कंपनीही घेतली. एवढी कार्टून हातात आल्यावर 1 ऑक्टोबर 1992 ला कार्टून नेटवर्क सुरू झालं. मग 17 मार्च 1997 ला त्याच चॅनेलवर शाळा सुटायच्या वेळेला एक ब्लॉक आला, टूनामी. थंडरकॅट्स, व्होल्ट्रॉनसारखी मारधाडीची कार्टून एकापाठोपाठ लावायची आणि मध्ये बोलायला मोल्टार नावाचं एक पात्र. 1999 मध्ये त्याच्या जागी टॉम नावाचा रोबो आला, अंतराळयानात बसून बोलणारा. मधल्या काळात, 1998 ला, सेलर मून आणि ड्रॅगन बॉल झी ही जपानी कार्टून आली आणि सगळं बदललं.

बदललं म्हणजे काय तर टॉम अँड जेरी कधीही लावा, मधूनच बघा, काही अडत नाही. ड्रॅगन बॉल झी तसं नाही, आजची गोष्ट उद्या पुढे जाते, एक दिवस चुकला की कोण मेला कोण जिवंत हेच कळत नाही. म्हणजे हा ब्लॉक उभाच होता रोज बघण्यावर, आणि कोकणात नेमकं तेच जमत नव्हतं.

भारतात कार्टून नेटवर्क आलं 1 मे 1995 ला, तेही अर्धा दिवस. दिवसा कार्टून आणि नंतर त्याच चॅनेलवर टीएनटी, म्हणजे हॉलिवूडचे जुने पिक्चर. स्वॅट कॅट्स बघता बघता अचानक ब्लॅक अँड व्हाइट इंग्लिश पिक्चर सुरू व्हायचा हे आठवत असेल तर तुम्ही त्या काळातले. नव्वदचं दशक संपता संपता हिंदी डबिंग आलं, ही माझ्या मते सगळ्यात मोठी घटना, कारण तोपर्यंत इंग्लिशमध्ये आम्ही फक्त चित्रं बघत होतो. 1 जुलै 2001 पासून चॅनेल चोवीस तास झालं आणि टूनामीचा ब्लॉक आपल्याकडे रुजला तो त्याच सुमाराला. पोकेमॉन 2003 ला, भोवऱ्यांच्या लढतींचं बेब्लेड 2005 ला.

आता आमच्याकडचं. आधी अर्थातच दूरदर्शन. रविवारी सकाळी जंगल बुक, डकटेल्स, टेलस्पिन, आणि त्यासाठी कौलांवर चढून अँटेना फिरवणारा एक जण, खाली उभा राहून "आलं, आलं, गेलं" ओरडणारा दुसरा. मध्ये डोंगर आला की मुंग्याच. केबल आली ती आधी शहरात आणि बाजारपेठांत, रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी अशी, आणि तिथून हळूहळू वाड्यांकडे सरकली. मुंबईत एका बिल्डिंगमध्ये जेवढी घरं तेवढ्या घरांसाठी इथे केबलवाल्याला दोन व्हाळ आणि एक डोंगर ओलांडून वायर ओढायला लागायची, माडावरून, फणसावरून, लाइटच्या खांबावरून. खर्च तेवढाच उलट जास्त, गिऱ्हाईक मोजकी.

त्यात जुन्या केबलमध्ये प्रत्येक चॅनेलला डिशच्या छत्रीखाली वेगळा रिसीव्हर आणि ते चॅनेल वायरीवर चढवणारा वेगळा मॉड्युलेटर लागायचा. छोट्या गावातला केबलवाला किती डबे घेणार? मग मराठी चॅनेल, हिंदी सिरियल, क्रिकेट, एखादं गाण्यांचं, आणि उरलं तर कार्टून. पैसे भरायचे चॅनेल वाढले तशी कार्टूनवरच पहिली कात्री, कारण बिल भरणारा माणूस कार्टून बघत नसतो. मॅच असली की कार्टूनच्या जागी मॅच. मुलं रडायची पण तक्रार कोणाकडे करणार.

आणि वीज. बाहेरून आलेल्यांना हे कधी कळायचं नाही की आपल्या घरात लाइट असूनही केबल का नाही. तर लांबच्या वायरीत सिग्नल पडत जातो म्हणून मध्ये मध्ये ॲम्प्लिफायर लावलेले असतात, कोणाच्या तरी पडवीत, त्याच घरच्या विजेवर. त्या वाडीची लाइट गेली की पुढच्या सगळ्या वाड्या बंद. किंवा ते लोक चार दिवस लग्नाला जाताना मेन स्विच पाडून गेले की चार दिवस कार्टून नाही. 2005 नंतर लोडशेडिंग वाढलं तेव्हा तर दोन वाड्यांच्या वेळा वेगळ्या असल्या की दोन्ही वेळा गेल्याच. पावसाळ्यात खारी हवा आणि पाणी, जोडणीची पिन हिरवी पडायची, चित्रावर जाळी यायची. वीज चमकली की आजीचा आवाज, "बंद करा ता आधी!" आणि ते बरोबरच होतं कारण वायरीतून करंट येऊन टीव्ही जळालेले सगळ्यांनी बघितले होते.

शाळा साडेदहा ते पाच, मग चालत घर, घाटी चढून. म्हणजे अमेरिकेत ज्या वेळेचा हिशोब करून हा ब्लॉक बनवला ती वेळच इथे नव्हती.

मग गोष्ट पूर्ण कशी व्हायची? चाकरमान्यांच्या पोरांकडून. मे महिन्यात आणि गणपतीत लालबाग, डोंबिवली, विरारचे भाऊ-बहिणी यायचे आणि त्यांनी सगळं बघितलेलं असायचं. संध्याकाळी खळ्यात बसून एखादा दादा मधले सगळे एपिसोड सांगायचा, हातवारे करून, फ्रीझाचा आवाज काढून, आणि आम्ही मध्ये मध्ये अडवून विचारायचो की मग पिकोलो कुठे होता. तो थोडं पदरचंही घालत असणार, नंतर टीव्हीवर तो एपिसोड लागला की कळायचं की अरे असं तर काही झालंच नाही. पण मला ती दादाची गोष्टच जास्त लक्षात आहे. कोकणातल्या कितीतरी पोरांचं टूनामी असं अर्धं बघितलेलं आणि अर्धं ऐकलेलं आहे आणि ते कमी प्रतीचं आहे असं मला अजिबात वाटत नाही. दशावतार बघून आल्यावर न गेलेल्याला रात्रीचं नाटक सांगायची जी सवय इथे आहे तीच सवय कार्टूनला लागली.

बेब्लेडचंही तसंच. भोवरा इथे होताच, जाळी म्हणजे दोरी गुंडाळून फेकायचा. प्लास्टिकचं बेब्लेड मुंबईहून आलं, ते लढवायचं स्टेडियम काही आलं नाही, मग वाळू-सिमेंटचं घमेलं घासून पुसून घ्यायचं, त्यात दोन बेब्लेड सोडायची, तो खणखणाट दोन घरं पलीकडे जायचा. त्यात आमचा लाकडी भोवराही उतरायचा आणि वजनामुळे बऱ्याचदा तोच जिंकायचा.

पुढे पोगो, हंगामा, डिस्ने ही चॅनेल 2004 या एकाच वर्षात आली, डोरेमॉन-शिनचॅन आले, मग छोटा भीम, आणि घरोघरी डिशच्या छत्र्या बसल्यावर केबलवाल्याची वायर माडांवर तशीच लटकत राहिली. केबल डिजिटल करायची शेवटची मुदत खेड्यांसाठी 31 मार्च 2017 होती. नंतर 26 फेब्रुवारी 2018 ला टूनामी नावाचं वेगळं चॅनेलच भारतात सुरू झालं आणि 15 मे ला बंदही झालं. शिमगा, वार्षिक परीक्षा, आंबे, एवढ्यात संपलं. चाकरमानी गावाला आले असतील तेव्हा गेलेलं. खूप वाईट वाटलं होतं.

एक मात्र सांगायचंय. त्या काळचं हिंदी डबिंग, मधल्या जाहिराती, ब्लॉकच्या सुरुवातीचे तुकडे, यातलं बरंच आज कुठे मिळत नाही, लोक अजून शोधतायत. आणि रत्नागिरी-दापोलीकडे आखातातून आलेल्या व्हीसीआरवर घरगुती रेकॉर्डिंग करणारी घरं होती, लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी उरलेल्या जागेत कार्टून भरलेलं असायचं. माळ्यावर अशी कॅसेट असेल तर फेकू नका, आणि टेपवर पांढरी बुरशी दिसत असेल तर प्लेअरमध्ये घालूही नका, हेड खराब होतं आणि टेपही जाते. आधी कॅसेट साफ करून डिजिटल करून देणाऱ्याकडे न्या, लग्नासकट सगळी करून घ्या, शेवटपर्यंत.