थंडीसाठी घरचे सूप : डाळ कशी निवडावी आणि कशी शिजवावी

सन्माननीय ग्राहक बंधू-भगिनींनो, सस्नेह नमस्कार.

विदर्भाची ओळख उन्हाळ्याने होत असली, तरी इथली थंडीही कडक असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा दिवसांत रात्रीच्या विजेवर हरभऱ्याचे ओलित करून पहाटे घरी परतणाऱ्या माणसाला, शाळेतून कुडकुडत येणाऱ्या लेकराला आणि दात नसलेल्या आजीला एकाच गंजातून (पातेल्यातून) वाढता येईल असे गरम सूप घरच्या डाळीतून होते. सूपला दाटपणा डाळीनेच यावा, त्यासाठी पाकिटातील पूड किंवा मक्याचे पीठ लागू नये, असे आमचे ठाम मत आहे. त्यासाठी काय पाहावे लागते, ते या पत्रकात सांगत आहोत.

आमची गिरणी लहान आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीवरील प्रक्रियेसाठी जी छोटी डाळ मिल विकसित केली, त्याच पद्धतीच्या यंत्रावर आम्ही परिसरातील तूर भरडतो आणि डाळीला चमक आणण्यासाठी वेगळी पॉलिश करीत नाही. त्यामुळे आमची डाळ दिसायला थोडी मळकट आणि हाताला पिठूळ लागते. ही पूड डाळीचीच असते. दोन पाण्यांनी हलक्या हाताने धुणे पुरेसे आहे. सूपसाठी मात्र अख्ख्या पाकळीची डाळ घेण्याची गरजच नाही. भरडताना तुटलेली डाळ, जिला बाजारात तुकडा म्हणतात, ती स्वस्त असते, लवकर शिजते आणि घोटल्यावर एकजीव होते. नवी तूर घरात आली असेल तर ती आधी वापरावी, कारण उष्ण आणि दमट जागी बराच काळ राहिलेले कडधान्य शिजायला हट्टी होते.

डाळ शिजत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकांना आम्ही प्रथम पाण्याविषयी विचारतो. अनेक गावांत बोअरचे पाणी जड असते, भांड्याला पांढरा थर धरतो, आणि त्या पाण्यातील चुन्यासारखे क्षार डाळीच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या घटकाला अधिक घट्ट करतात. मग तासभर उकळूनही दाणा दाणाच राहतो. असे पाणी आधी खळखळून उकळावे, गार होऊ द्यावे आणि तळाचा गाळ न हलवता वरचे पाणी काढून घ्यावे. यामुळे बराच फरक पडतो. गावात शुद्ध पाण्याचे एटीएम असेल तर स्वयंपाकापुरते तिथले पाणी आणणे अधिक सोपे. खाण्याचा सोडा टाकून डाळ मऊ करण्याची सवय मात्र सोडावी, कारण सोड्यामुळे डाळीतील बी-१ जीवनसत्त्व नष्ट होते. आंबटाचेही असेच आहे. टोमॅटो, चिंच किंवा लिंबू डाळ पूर्ण शिजण्यापूर्वी पडले, तर डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. म्हणून आंबट नेहमी शेवटी घालावे.

चार माणसांसाठी १०० ग्रॅम तुरीचा तुकडा अर्धा तास भिजवावा आणि अर्धा लिटर पाण्यात पाव चमचा हळद व चमचाभर तेल घालून कुकरमध्ये ३ शिट्ट्यांवर शिजवावा. तेलाने फेस कमी येतो. तरीही कुकर निम्म्यापेक्षा अधिक भरू नये, कारण डाळीचा फेस शिट्टीच्या नळीत अडकतो. वाफ जिरल्यावर रवीने घोटावे, पाऊण लिटर कडकडीत पाणी आणि उकडून कुस्करलेले २ टोमॅटो घालावेत व दहा मिनिटे मंद आचेवर उकळू द्यावे. शेवटी तुपात जिरे, ठेचलेला लसूण, आले आणि भरडलेले मिरे यांची फोडणी द्यावी. लसूण तांबूस होताच फोडणी ओतावी, नाहीतर कडवटपणा सबंध सुपात उतरतो. थोडी हळद या फोडणीतही टाकावी, कारण तिचा रंगद्रव्याचा भाग पाण्यात नव्हे, स्निग्धात विरघळतो. आपल्याच वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ती मिळाली तर अवश्य वापरावी.

तुरीच्या शेंगा हिरव्या आहेत तोवर सोल्यांचे, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांचे, सूप करून पाहावे. आमच्या मते या ऋतूतील सर्वांत चवदार सूप हेच. वाटीभर ओले सोले कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजावेत, निम्मे जाडसर वाटावेत आणि निम्मे अख्खे ठेवावेत, मग लसणाच्या पातीच्या फोडणीत परतून एक लिटर गरम पाणी घालून दाणा मऊ होईपर्यंत शिजवावेत. उतरवताना भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घालावा. आणखी दाट हवे असल्यास चमचाभर ज्वारीचे पीठ आधी गार पाण्यात कालवून मगच सोडावे, कारण कोरडे पीठ गरम पाण्यात पडताच त्याच्या गुठळ्या होतात.

आजारातून उठलेल्या माणसासाठी अख्ख्या मुगाचे कढण उत्तम. मूग हलके भाजून, रात्रभर भिजवून, १०० ग्रॅमला दीड लिटर पाण्यात शिजवावेत आणि गाळून सैंधव व सुंठ घालून द्यावे. लहान मुलांना कोहळ्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, फोडी तुकड्याबरोबरच शिजवून घोटून दिल्यास गोडसर चवीमुळे ती आवडीने पितात.

टोमॅटोचे किंवा चिंचेचे सार कल्हई नसलेल्या पितळी गंजात करू नये आणि ठेवूही नये. उरलेले सूप दुसऱ्या वेळी नुसते कोमट न करता खळखळून उकळावे.

लाखोळीविषयी, म्हणजे लाखेच्या डाळीविषयी, अनेक ग्राहक विचारतात. ही डाळ दीर्घकाळ आणि मोठ्या प्रमाणात खाण्यात आली तर पायांना लुळेपणा आणणारा विकार होऊ शकतो. भिजवलेले व उकळलेले पाणी फेकल्यास तिच्यातील विषारी अंश काहीसा कमी होतो, परंतु सुपात पाणी फेकले जात नाही, म्हणून सूपसाठी लाखोळी वापरू नये. आमच्या तूर किंवा हरभरा डाळीत लाखोळी मिसळली जात नाही.

तुकडा वेगळा मागितल्याशिवाय दिला जात नाही, म्हणून वजन करण्यापूर्वी तसे सांगावे. बोअरच्या पाण्यावर डाळ शिजत नसल्यास गिरणीत कळवावे. त्या पाण्यात लवकर शिजणारी मुगाची सालरहित डाळ आम्ही आपल्याला थोडी काढून देऊ, म्हणजे मोठी खरेदी करण्याआधी ती घरी शिजवून पाहता येईल.