ओगराळे

ओगराळे : पाण्याच्या साठ्यात हात न बुडवता पाणी काढण्याचे लांब दांड्याचे भांडे. बोलीत ‘वगराळं’. पूर्वी पितळेचे, आता बहुधा स्टीलचे. पंगतीत आमटी वाढायलाही तेच चालते. पण पिण्याच्या पाण्याचे ओगराळे वेगळे ठेवावे लागते, आणि ही नोंद त्याच्याबद्दल आहे.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत पाणी साठवल्याशिवाय घर चालत नाही. पुष्कळ गावांत नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. एप्रिल 2016 मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात रांजण, हंडे, टिपाडं भरून ठेवणे ही चैन नव्हे, गरज आहे. मात्र पाणी जितके दिवस घरात राहते, तितक्या वेळा त्यात कोणाचा ना कोणाचा हात जातो.

दुपारी शेतातून आलेला माणूस तांब्या उचलतो आणि रांजणात बुडवतो, तेव्हा काय होते ते पाहावे. काठाला धरलेली बोटे दोन पेरांपर्यंत पाण्यात जातात. नखाखालची माती, जनावरांच्या गोठ्यातला मळ त्यांच्यासोबत जातो. तांब्याचे बूड तर मघापर्यंत जमिनीवरच टेकलेले असते. हगवण, पटकी, विषमज्वर आणि काविळीचे काही प्रकार यांचे जंतू विष्ठेतून हातावर व हातावरून पाण्यात असेच येतात. पाणी दिसायला नितळच राहते, म्हणून सवयीवर कोणाला शंका येत नाही.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल म्हणजे जंतुनाशक ब्लीचिंग पावडर टाकतो आणि अर्ध्या तासानंतर ‘ओटी टेस्ट’ घेतो. नळीतल्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. नळाच्या टोकाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरावे, असे प्रमाण आहे. पण हा पहारा घरात फार टिकत नाही. साठवणुकीत क्लोरीन उडून जाते, आणि बुडवलेल्या हाताचा मळ त्यातले उरलेसुरलेही खाऊन टाकतो. टाकीवर केलेले सगळे काम मग रांजणाशी येऊन वाया जाते. सार्वजनिक योजनेचा शेवटचा हातभर टप्पा घरातल्या माणसाच्याच ताब्यात असतो.

पाणी फडक्याने गाळण्याची रीत जुनी आहे आणि एका रोगावर ती खरोखर लागू पडली. नारूचे जंत पाण्यातल्या सूक्ष्म पिसवांमधून पोटात जात. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरताना, जंत बाहेर पडत असलेला रोग्याचा पाय पाण्याला लागला की साखळी चालू राही. दाट कापडात त्या पिसवा अडकत. पायविहिरी बंदिस्त करणे आणि पाणी गाळणे या उपायांनी रोग हटला. जागतिक आरोग्य संघटनेने 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर केला. गॅस्ट्रोचे जंतू मात्र त्याच फडक्यातून सहज पार होतात. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, तेवढ्याने पाणी निर्जंतुक होत नाही. त्याला उकळी आणावी लागते किंवा क्लोरीन घालावे लागते.

इथे एक गल्लत स्पष्टपणे सांगायला हवी. आपल्याकडे पाण्याला कोण शिवले यावर पिढ्यान्‌पिढ्या पहारा होता. शिवणारा हात धुतलेला आहे का, हे कोणी विचारत नव्हते. शिवाशिवीने माणसांना पाणवठ्यापासून तोडले, रोग एकही अडवला नाही. जंतूला जात कळत नाही. ओगराळ्याचा नियम घरधन्याच्या हातालाही लागू आहे.

वापराची रीत साधी आहे. ओगराळे खुंटीला टांगावे, जमिनीवर किंवा झाकणावर ठेवू नये, त्याला तोंड लावू नये. रांजण झाकलेला असावा. आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, आतून घासून वाळवावीत. हा ‘कोरडा दिवस’ डेंग्यू पसरवणारा डास रोखण्यासाठीही आवश्यक आहे, कारण त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात.

हात धुवायला पाणी कुठून आणायचे, हा टंचाईतला प्रश्न खरा आहे. पण दोन ओगराळी पाणी पुरते: थोड्या पाण्याने हात ओले करायचे, साबण बोटांच्या बेचक्यांत आणि नखांशी वीसेक सेकंद चोळायचा, उरलेले पाणी दुसऱ्याने वरून ओतायचे. परातीत सगळ्यांनी हात बुडवले तर एकाचा मळ दुसऱ्याला लागतो. धुतलेले हात पदराला किंवा कळकट पंचाला पुसण्यापेक्षा हवेत वाळू द्यावेत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, नळ नसतो, मोरी नसते. तिथे झाकलेली घागर, साबणाची वडी आणि एक ओगराळे एवढे तरी हाताशी असावे.

तोटीचा माठ घरात आला की ओगराळ्याचे काम कमी होते. तोटी गळू लागली किंवा गाळाने तुंबली, की झाकण काढून पुन्हा तांब्या बुडवला जातो. म्हणून तोटीच्या माठाशेजारीही ओगराळे टांगलेले असावे.