आयरिश वंशावळ राजघराण्यापर्यंत नेता येते का? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

आडनाव ओ'ब्रायन, ओ'नील किंवा मॅकार्थी असलं की ‘आमचे पूर्वज राजे होते’ ही गोष्ट घरात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. ती खरीही असू शकते. पण तुम्ही राजाचे किंवा कुळप्रमुखाचे वंशज आहात, असा दाखला आयर्लंडचं सरकार आज कोणालाही देत नाही.

एकेकाळी त्याच्या जवळ जाणारी सोय होती. १९४४ पासून डब्लिनमधले चीफ हेराल्ड, म्हणजे वंशावळी आणि कुलचिन्हं पाहणारे सरकारी अधिकारी, काही घराण्यांच्या वारसाला ‘चीफ ऑफ द नेम’ अशी सौजन्यापुरती मान्यता देत. विधिवत गादीवर बसलेल्या शेवटच्या प्रमुखापासून थोरल्या पातीनं खाली येणारी पुरुषवंशावळ त्यासाठी दाखवावी लागे. १९९९ मध्ये ‘मॅकार्थी मोर’, म्हणजे मॅकार्थी घराण्याचे प्रमुख, म्हणून मान्यता मिळवलेल्या गृहस्थांची वंशावळ बनावट असल्याचं उघड झालं. पुढे या मान्यतेला कायद्याचा आधारच नाही असा सल्ला सरकारला मिळाला आणि २००३ मध्ये ही पद्धत बंद झाली. सरदारकीचे किताब तर आयर्लंडच्या राज्यघटनेच्या ४०व्या कलमानुसार सरकारला देताच येत नाहीत. त्यामुळे पैसे घेऊन ‘राजवंशाचं प्रमाणपत्र’ देऊ करणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

आज अर्ज करता येतो तो दोन गोष्टींसाठी: चीफ हेराल्डकडून कुलचिन्ह, आणि आजी-आजोबांच्या जन्मावरून नागरिकत्व. दोन्हीसाठी आधी पुराव्यांची साखळी जुळवावी लागते आणि खरे कष्ट तिथेच आहेत.

आडनाव एक, घराणी अनेक

आडनाव जुळलं म्हणजे वंश जुळला, असं आयर्लंडमध्ये मुळीच नाही. केली किंवा मर्फी ही आडनावं बेटाच्या वेगवेगळ्या भागांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या घराण्यांत स्वतंत्रपणे रुजली. शिवाय गॅलिक, म्हणजे जुन्या आयरिश, कायद्यात गादी थोरल्या मुलाकडे आपोआप जात नसे. एकाच पणजोबाच्या वंशातल्या पुरुषांमधून प्रमुख निवडला जाई. त्यामुळे चुलत घरांपैकी आज एका घरात प्रमुखपद, उद्या दुसऱ्यात, असं चाले.

मग १६०१ मध्ये गॅलिक सरदार इंग्रजांविरुद्धची किन्सेलची लढाई हरले. १६०७ मध्ये अल्स्टरचे ओ'नील आणि ओ'डोनेल सरदार रॅथमलनहून जहाजानं युरोपला निघून गेले. १६५० च्या दशकात इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या राजवटीनं जमिनी जप्त केल्या. कालपर्यंत ज्यांची सत्ता होती, त्यांची नातवंडं त्याच मातीत कुळं म्हणून राबू लागली. जमीन गेली की खरेदीखत, मृत्युपत्र, विवाहकरार असे कागदही संपतात. म्हणूनच राजवंशापर्यंत अखंड पोचणाऱ्या वंशावळी मुख्यतः जमीन राखलेल्या घराण्यांच्याच आहेत. क्लॉनटार्फच्या लढाईत १०१४ मध्ये पडलेल्या ब्रायन बोरू राजाचे वंशज ओ'ब्रायन यांनी १५४३ मध्ये इंग्लंडच्या राजाकडून किताब घेतले आणि त्यांची इंचिक्विन शाखा आजही आहे. रॉसकॉमन परगण्यात क्लोनॅलिस इथे ओ'कॉनर घराण्याची कागदपत्रं अजून घरातच जपलेली आहेत.

कागदपत्रं: स्वतःपासून मागे

ब्रायन बोरूपासून खाली यायला निघालात तर हमखास चुकाल. स्वतःच्या जन्मदाखल्यापासून एकेक पिढी मागे जा, आणि प्रत्येक पिढीसाठी जन्म, विवाह, मृत्यू यांपैकी निदान दोन कागद हाती असल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

आयर्लंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १८६४ पासून आहे. बिगर-कॅथलिक विवाह मात्र १८४५ पासूनच नोंदले जात. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू यांच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. १९०१ आणि १९११ ची जनगणनाही खुली आहे. १९११ च्या फॉर्मवर विवाहाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली आणि त्यांतली किती जिवंत आहेत हेही लिहिलेलं असतं. पण वयावर विसंबू नका. या दोन गणनांच्या मध्ये सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झाली आणि दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली माणसं कागदावर दिसू लागली. त्यात एक फायदाही झाला. वय सिद्ध करायला जन्मदाखले नव्हते, म्हणून १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत अर्जदारांची नावं शोधली गेली. त्या गणना पुढे जळाल्या, पण शोधाचे ते फॉर्म राष्ट्रीय अभिलेखागारात शिल्लक आहेत.

जळाल्या त्या ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीला. डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं दप्तरखाना त्या दिवशी बेचिराख झालं. जनगणना, मृत्युपत्रं, प्रॉटेस्टंट चर्चच्या असंख्य नोंदवह्या, सगळं गेलं. कॅथलिक नोंदवह्या मात्र गावोगावच्या चर्चमध्येच असल्यामुळे वाचल्या. सुमारे १८८० पर्यंतच्या त्या वह्या नॅशनल लायब्ररीनं २०१५ पासून फुकट खुल्या केल्या आहेत. बाप्तिस्म्याची नोंद एखाद-दोन ओळींची असते: तारीख, बाळाचं नाव, आईबाप, आईचं माहेरचं आडनाव, दोन साक्षीदार. नावं बहुधा लॅटिनमध्ये लिहिलेली, म्हणजे जेम्सचा जाकोबस आणि विल्यमचा गुलिएल्मस. साक्षीदारांची नावं जरूर टिपून घ्या. ते बहुतेकदा काका-मामा असतात आणि एकाच गावातल्या दोन जॉन केलींतला आपला कोणता, हे तेच सांगतात.

१८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाच्या सुमाराच्या पिढीसाठी १८४७ ते १८६४ या काळातली ग्रिफिथची जमीनपाहणी आणि त्याआधीच्या चर्चकराच्या वह्या बघाव्यात. दोन्हींत कुटुंबप्रमुखाचंच नाव येतं, घरातल्या बाकीच्यांचं नाही. डब्लिनमधली दस्तनोंदणी कचेरी १७०८ पासूनची आहे, पण तिथे सापडतात ते जमीनवाले.

महाराष्ट्रातल्या काही वाचकांनी वेगळ्या दारानं जावं. पुणे, कामठी, देवळालीच्या छावण्यांत आयरिश शिपाई पुष्कळ होते. ईस्ट इंडिया कंपनीची बॉम्बे युरोपियन रेजिमेंटच १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्यूजिलियर्सची दुसरी बटालियन झाली. असा पूर्वज घरात असेल तर मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह आणि दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात शोधा. पेन्शनीत निघालेल्या शिपायाच्या कागदावर जन्माचा परगणा आणि पॅरिश, म्हणजे एका चर्चची हद्द, लिहिलेली असते. पॅरिश हाती लागली की आयर्लंडमधला शोध सुरू करता येतो.

राजांच्या वंशावळीला सांधा

मध्ययुगीन वंशावळी आहेत आणि भरपूर आहेत. डुअल्टाक मॅक फिरविशी यांनी १६५० च्या सुमारास गॉलवेत लिहिलेला वंशावळींचा महाग्रंथ त्यांत सर्वांत मोठा, आणि तो आता छापील मिळतो. अडचण आहे ती मधल्या काळाची. तुमची साखळी साधारण १८०० ला येऊन थांबते आणि ग्रंथातली १६५० च्या आसपास संपते. या दीडशे वर्षांतल्या चार-पाच पिढ्या जोडणारा कागद असेल तरच दावा टिकतो. तो नसेल तर ‘या घराण्याच्या प्रदेशातलं, त्याच आडनावाचं कुटुंब’ एवढंच प्रामाणिकपणे लिहा. वाय-गुणसूत्राची चाचणी बापाकडून आलेला प्राचीन गट सांगते. तो गट कुठल्या राजाचा हे ती सिद्ध करत नाही.

चीफ हेराल्डकडे अर्ज

हे कार्यालय डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवर, नॅशनल लायब्ररीच्या अखत्यारीत आहे. आयरिश नागरिक, नागरिकत्वाला पात्र असलेले, आणि आयर्लंडशी वंशाचं ठोस नातं दाखवू शकणारे परदेशस्थ अर्ज करू शकतात. छापील अर्जासोबत स्वतःचे जन्म-विवाहाचे दाखले आणि आयरिश पूर्वजापर्यंतच्या प्रत्येक पिढीचे कागद जोडावेत. अर्ज मान्य झाल्यावर आधी कच्चं चित्र मंजुरीसाठी येतं. मग चर्मपत्रावर हातानं रंगवलेली सनद तयार होते आणि तिची नोंद सरकारी वहीत कायमची राहते. एखादं कुलचिन्ह घराण्यात तीन पिढ्या आणि शंभर वर्षं वापरात असल्याचा पुरावा असेल, तर नव्याऐवजी त्याच्याच पुष्टीची मागणी करता येते. कुलचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. दुकानात ‘मर्फी घराण्याचं चिन्ह’ म्हणून मिळणारी पाटी भिंतीवर लावायला छान आहे, पण पुरावा म्हणून तिचा उपयोग शून्य.

नागरिकत्वाचा अर्ज परराष्ट्र खात्याच्या ‘फॉरेन बर्थ्स रजिस्टर’साठी असतो. त्यात राजा चालत नाही, खापरपणजोबाही चालत नाहीत. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले हवेत. त्यांचा, आई-वडिलांचा आणि तुमचा असे तिन्ही पिढ्यांचे मूळ जन्मदाखले, आणि नाव बदललं असेल तिथे विवाहाचे दाखले लागतात. आयरिश जन्म पणजोबांचा असेल, तर तुमच्या जन्माआधीच आई किंवा वडिलांची या रजिस्टरमध्ये नोंद झालेली असावी लागते. म्हणून ज्यांचे आजी-आजोबा तिथले आहेत, त्यांनी स्वतःची नोंद घरात मूल जन्मण्याआधी करून घ्यावी.