भाडं जास्त की परतावा जास्त? कोथरूड आणि वाकड

पुण्यात भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘तिकडे भाडं किती येतं?’ पण जास्त भाड्याचा भाग आणि पैशाला जास्त परतावा देणारा भाग बहुतेकदा वेगळे निघतात.

उदाहरणापुरते आकडे धरू. कोथरूडचा दीड कोटीचा फ्लॅट महिना ३५,००० रुपयांना गेला, तर वर्षाचे ४ लाख २० हजार, म्हणजे २.८ टक्के. वाकडचा ८० लाखांचा फ्लॅट २२,००० रुपयांना गेला, तर २ लाख ६४ हजार, म्हणजे ३.३ टक्के. भाडं कोथरूडला जास्त, परतावा वाकडला.

हाही वरवरचाच हिशेब. वाकडला ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३०,००० नोंदणी फी धरली की गुंतवणूक ८५ लाख ९० हजार होते. वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा, वर महिना साडेतीन हजार मेंटेनन्स, हे वजा केलं तर हातात २ लाख उरतात: जेमतेम २.३ टक्के. मालमत्ता कर आणि दलाली अजून बाकीच आहे. कोथरूडलाही हीच कात्री लागते. शिवाय पुणे महापालिकेची मालमत्ता करातली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यालाच मिळते. भाडेकरू आला की ती गेली.

वाकडचा भाडेकरू बहुधा हिंजवडीत नोकरीला. नोकरी बदलली की तो निघाला. त्यात शेजारच्या नव्या टॉवरचा ताबा सुरू झाला, की फ्लॅटचा ढीग एकदम भाड्याला येतो आणि भाव करण्याची सोय भाडेकरूकडे जाते.

कोथरूडला विद्यार्थी आहेत, कुटुंबं आहेत, आणि रीडेव्हलपमेंटवाले आहेत. सोसायटी पाडली की मुलांची शाळा बदलू नये म्हणून माणसं दोन-तीन वर्षं जवळपासच राहतात, भाडं बिल्डर देतो. या मागणीने तिथली भाडी चढतात, पण ती कायमची धरू नयेत. इमारत उभी राहिली की ही कुटुंबं आपल्या घरी परततात आणि वाढीव मजल्यांवरचे नवे फ्लॅट त्याच बाजारात उतरतात. माझ्या मते कोथरूड घ्यायचं ते जागेच्या किमतीसाठी, भाड्यासाठी नव्हे. आणि कर्जाचा हप्ता भाड्यातून सुटेल ही आशा तर दोन्हीकडे सोडावी.

सोसायटी बघायला जाल तेव्हा एजंटच्या आधी वॉचमनला गाठा. किती फ्लॅट रिकामे आहेत आणि मागचा फ्लॅट किती महिने पडून होता, हे त्याला तोंडपाठ असतं.